साहसी कोण? ताराबाई शिंदे आणि एका श्लोकाला दिलेले उत्तर

आवर्तः संशयानाम्, अविनयभवनं, पत्तनं साहसानाम्...

पडद्यावर दिसणारा हा श्लोक भर्तृहरीच्या शृंगारशतकातला आहे. स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसांचे नगर, दोषांचा साठा, शेकडो कपटांनी भरलेले अविश्वासाचे शेत, स्वर्गाच्या वाटेतले विघ्न, नरकपुरीचे दार आणि सगळ्या मायेची करंडी, अशी विशेषणांची माळ ओवत कवी शेवटी विचारतो की विष आणि अमृत एकत्र कालवलेले हे स्त्रीयंत्र केले तरी कोणी? रचना म्हणून श्लोक देखणा आहे, आणि तसा तो असल्यामुळेच पाठ होतो. पाठ झालेल्या गोष्टीचा पुरावा सहसा कोणी मागत नाही. वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या एका स्त्रीने मात्र तो मागितला, आणि श्लोकातली विशेषणे एकेक करून पुरुषांच्या पदरात परत टाकली.

त्यांचे नाव ताराबाई शिंदे. जन्म १८५० चा. वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत मुख्य कारकून होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला त्यांनी घरीच शिकवले. ताराबाईंचे लग्न लहानपणीच झाले, पण नवरा घरजावई म्हणून आला, त्यामुळे सासरच्या उंबऱ्याआड जे पुस्तक बहुधा हातातून सुटले असते ते माहेरच्या घरात हाती राहिले. असे असले तरी कुलीन मराठा घराच्या चालीरीती याही घरात होत्याच, आणि आपण मराठ्यांच्या घरात कोंडलेली एक बाई आहोत, याची जाणीव त्यांनी आपल्या लेखनात स्वतःच करून दिली आहे.

लेखनाला निमित्त झाले ते सुरतेचे. १८८१ मध्ये तिथल्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, स्वतःचे अनौरस मूल मारल्याबद्दल, फाशीची शिक्षा सुनावली; पुढे अपिलात ती शिक्षा सौम्य झाली. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची संमती १८५६ मध्येच मिळाली होती आणि जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढल्यालाही १८ वर्षे होऊन गेली होती. म्हणजे अशी मुले का मरतात आणि कोणाच्या भीतीने मारली जातात, हे ज्याला जाणून घ्यायचे होते त्याला ठाऊक होते. पण वर्तमानपत्रांत चर्चा रंगली ती स्त्रियांच्या वाढत्या बेतालपणाची. ‘पुणेवैभव’ या पत्राने या प्रकरणाच्या आधाराने एकंदर स्त्रीजातीवरच झोड उठवली. मुलाचा बाप कोण, हा प्रश्न त्या गदारोळात कुठल्या कुठे गेला.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. मुखपृष्ठावर नाव होते ‘स्त्रीपुरुषतुलना’, आणि स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे स्पष्ट करून दाखविण्याकरिता हा निबंध लिहिला आहे, असा खुलासा त्याखाली होता.

इथे ‘साहसी’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. आज आपण गिर्यारोहकाला साहसी म्हणतो आणि त्यात कौतुक असते. जुन्या धर्मशास्त्रात मात्र साहस म्हणजे बळजोरीने केलेला अपराध, आणि काव्यात साहस म्हणजे मागचापुढचा विचार न करता केलेले अविचारी कृत्य. ताराबाईंनी शब्द उचलला तो थेट श्लोकातल्या ‘पत्तनं साहसानाम्’मधून. म्हणून मुखपृष्ठावरचा तो खुलासा म्हणजे धाडसाची स्पर्धा लावणे नव्हे. ज्याला तुम्ही अपराध म्हणता तो करतो कोण, ते एकदा मोजून पाहू, असे त्यांचे म्हणणे आहे.

आणि त्या खरोखरच मोजू लागतात. कुठल्याही गावच्या तुरुंगात जाऊन पाहा, असे त्या पुरुष वाचकाला सांगतात. आत पाय ठेवायला जागा नसते, पण खोट्या नोटा करणारे, लाच खाणारे, दुसऱ्याची बायको पळवणारे, विष घालणारे, खून करणारे जे तिथे कोंबलेले असतात त्यांत बायका किती? संशयांच्या भोवऱ्याचेही तसेच. बाईच्या मनातले संशय घरापुरते असतात, आणि पुरुषाच्या डोक्यातल्या उलाढालींना मात्र अंतच नसतो, असा त्यांचा रोख आहे. संस्कृत श्लोकाचे खंडन करताना त्यांनी दुसऱ्या श्लोकाचा आधार घेतला नाही. त्यांनी तुरुंग, कचेरी, बाजार आणि माजघर यांची साक्ष काढली.

त्यांची भाषाही माजघरातलीच आहे. त्या पुरुषांना समोर उभे करून बोलतात, टोमणे मारतात, मधेच हात जोडतात आणि लगेच पुन्हा कडाडतात. एकदा सुरू झालेले वाक्य कित्येकदा पानभर थांबत नाही. प्रौढ निबंधाचे वळण ज्यांना हवे असेल त्यांना हे खटकेल. माझ्या मते मात्र निबंधाचा जोर याच वळणात आहे, कारण एरवी विहिरीवर आणि चुलीपाशी चालणारे बोलणे इथे प्रथमच छापखान्याच्या खिळ्यांत बसलेले दिसते.

विधवेच्या प्रश्नावर हा जोर सर्वांत अधिक जाणवतो. नवरा मेला की बाईचे केस न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली जातात, कुंकू पुसले जाते, अंगावरचे दागिने उतरतात, आणि लग्नकार्यात तिचे तोंड दिसणे अशुभ ठरते. बायको मेली तर पुरुष मात्र दिवस-कार्य आटोपते न आटोपते तोच दुसरी आणायला मोकळा असतो. मग बायको मेल्यावर तुम्हीही दाढीमिशा उतरवून, तोंड लपवून जन्मभर रानात जाऊन का राहत नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. ही चाल केवळ ब्राह्मणांपुरती उरलेली नाही, हेही त्या बजावतात. पाट लावण्याची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करण्याची, मोकळीक अनेक जातींत होती, पण प्रतिष्ठा मिळवू पाहणारी मराठा घराणीही ब्राह्मणांच्या वाटेने जाऊन विधवेचा पाट बंद करू लागली होती. इतरांना सुधारायला निघालेल्यांपेक्षा ताराबाईंची नजर इथे वेगळी ठरते, कारण त्या स्वतःच्याच घरातल्या चालीवर बोट ठेवतात.

पुराणकथांनाही त्यांनी सोडले नाही. सावित्री नवऱ्याच्या प्राणासाठी यमाच्या मागे गेली, हे वटपौर्णिमेला घरोघर सांगितले जाते. पण बायकोचे प्राण परत आणायला यमाच्या दरबारात, निदान त्या वाटेवर तरी, गेलेला एखादा नवरा कोणी ऐकला आहे का, असे त्या विचारतात. नवऱ्याला देव मानायचे असेल तर देवाने देवासारखे वागायला नको काय, हाही त्यांचाच सवाल.

त्या काळी नव्याने रुजत असलेल्या मराठी कथात्म साहित्याचीही त्यांनी झडती घेतली. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा आणि स्त्रियांच्या कपटाचे किस्से सांगणाऱ्या ‘स्त्रीचरित्र’ छापाच्या पुस्तकांचा तेव्हा मोठा खप होता. या पुस्तकांतल्या बायका एक तर संकटांच्या रांगेतून अब्रू सांभाळत जाणाऱ्या, नाही तर नवऱ्याला फसवणाऱ्या. लिहिणारे पुरुष आणि छापणारेही पुरुषच, मग त्यातून निघालेल्या चित्राला स्त्रीस्वभाव का म्हणायचे, अशी ताराबाईंची हरकत आहे. विद्यापीठांतून स्त्रीवादी समीक्षा शिकवली जाऊ लागण्याच्या कितीतरी आधी बुलढाण्यात केलेले हे वाचन आहे.

त्यांना आजच्या मापाने मोजण्याचा मोह टाळायला हवा. विवाहसंस्था मोडावी असे त्या म्हणत नाहीत; पातिव्रत्याचा आदर्श त्यांच्या लेखी बऱ्याच अंशी शाबूत आहे, आणि इंग्रजी अंमलामुळे स्त्रियांना विद्या मिळू लागली म्हणून त्या राणीच्या राज्याचे गुणही गातात. सभा भरवून भाषणे ठोकणाऱ्या सुधारकांवर मात्र त्यांचा काडीइतका विश्वास नाही.

निबंध प्रसिद्ध झाल्यावर कौतुक कमी आणि कुचेष्टा जास्त झाली. त्यात सत्यशोधकांच्या वर्तुळातली माणसेही मागे नव्हती. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उल्लेख ‘चिरंजीविनी’ असा केला आणि त्यांची बाजू घेऊन आपल्याच सहकाऱ्यांचे कान उपटले. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, संशोधक स. गं. मालशे यांनी त्याची संपादित आवृत्ती काढली. मूळ निबंध आणि ही आवृत्ती यांच्यात ९३ वर्षांचे अंतर आहे.

(पडद्यावर पुन्हा श्लोकाची शेवटची ओळ: ‘स्त्रीयन्त्रं केन सृष्टम्’)

हे स्त्रीयंत्र केले कोणी, या कवीच्या प्रश्नाचे उत्तर ताराबाईंनी प्रस्तावनेच्या आरंभीच देऊन ठेवले होते: ज्या परमेश्वराने ही आश्चर्यकारक सृष्टी उत्पन्न केली, त्यानेच स्त्री केली आणि पुरुषही त्यानेच केला.