प्रोसेसर कशासाठी खोळंबतो?

मंडळी, एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने २६६ मेगाहर्ट्झचा सेलेरॉन बाजारात आणला. आतला गाभा पेंटियम टूचाच. किंमत उतरवण्यासाठी एकच गोष्ट काढून टाकलेली, ती म्हणजे एल-टू कॅश, लागणारा डेटा हाताशी ठेवणारी छोटी पण चपळ मेमरी. क्लॉक स्पीडच्या आकड्यावरून ज्यांनी तो घेतला, त्यांची निराशा झाली. ऑफिसच्या साध्या कामांतही तो रखडायचा.

ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ किलोबाइट एल-टू होती, प्रोसेसरच्याच चिपवर आणि त्याच्याच पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची कॅश चौपट, ५१२ किलोबाइटची, पण ती वेगळ्या चिपांत होती आणि निम्म्या वेगाने धावायची. त्यामुळे स्वस्तातला ३००ए कित्येक कामांत पेंटियम टूच्या तोडीस तोड ठरला. मेमरी किती आहे याइतकंच ती कुठे आहे आणि किती चटकन उत्तर देते हे महत्त्वाचं असतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

आता आजचा हिशेब मांडू. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची एक सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचा एक ठोका, पाव नॅनोसेकंदाची. सगळ्यात जवळच्या एल-वन कॅशमधून आकडा यायला चार-पाच सायकली लागतात, त्यापलीकडच्या एल-टूमधून साधारण पंधरा, आणखी लांबच्या एल-थ्रीमधून चाळीस-पन्नास. आणि रॅमपर्यंत जावं लागलं तर? सुमारे ८० नॅनोसेकंद, म्हणजे ३२० सायकली! प्रोसेसर मधल्या वेळात पुढच्या सूचना उरकून घेतो, पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून डेटा आधीच मागवून ठेवतो. पण पुढचा डेटा मेमरीत कुठे आहे हेच आधीच्या आकड्यावर अवलंबून असेल, तर हातावर हात ठेवून बसण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

मग सगळी रॅमच कॅशसारखी का करत नाहीत? कॅश एसरॅमची असते. तिथे एका बिटसाठी सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. आपली रॅम म्हणजे डीरॅम. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, बस्स! म्हणूनच एवढ्याशा पट्टीवर गिगाबाइटच्या गिगाबाइट मावतात. पण कपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वाचतानाही तो भार पुसला जातो आणि परत लिहावा लागतो. शिवाय तो इतका क्षीण असतो की ओळखून मोठा करण्यातच वेळ जातो.

ही अडचण नव्या पिढीच्या रॅमने सुटलेली नाही. कागद काढा आणि स्वतः करून पाहा: सीएलपुढच्या आकड्याला २००० ने गुणा आणि डीडीआरच्या नावातल्या शेवटच्या आकड्याने भागा. डीडीआर-४०० सीएल २, डीडीआर४-३२०० सीएल १६, डीडीआर५-६००० सीएल ३०. तिन्हींचं कॅस लेटन्सीचं, म्हणजे मागणीनंतर डेटा यायला लागणाऱ्या वेळेचं, उत्तर १० नॅनोसेकंदच येतं. वाढली ती बँडविड्थ, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वाहतो ते: एका पट्टीमागे सेकंदाला ३.२ गिगाबाइटवरून २५.६ आणि मग ४८. व्हिडिओ एडिटिंगसारख्या ओळीने डेटा ओढणाऱ्या कामाला याचा मोठा फायदा होतो. इकडून तिकडे उड्या मारत वाचणाऱ्या कामाला फारसा नाही.

एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला, तो हे ओळखूनच. ५८००एक्सच्या ३२ मेगाबाइट एल-थ्रीवर आणखी ६४ मेगाबाइट एसरॅमचा थर चढवला. त्यापायी कमाल क्लॉक ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणावा लागला. तरीही गेममध्ये तो मूळ प्रोसेसरच्या बराच पुढे गेला. थ्रीडी रेंडरिंगमध्ये मात्र किंचित मागे पडला, कारण त्या कामाला जास्तीच्या कॅशची गरजच नव्हती.

‘८ जीबीची १६ केली तर वेग दुप्पट होईल का?’ असं मला नेहमी विचारतात. ८ जीबी अपुरी पडत असेल तर फरक जाणवेलच, कारण मग डेटा एसएसडीवर ढकलला जातो आणि तिथून तो यायला रॅमच्या मानाने सुमारे हजारपट वेळ लागतो. पुरत असेल तर नुसत्या क्षमतेने काही होणार नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवणार असाल, तर १६ ची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या. दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा, मिळाले की बँडविड्थ दुप्पट होते, आणि अशा मशिनवर गेम खेळताना ती लगेच दिसते.