चावी तसबिरीमागे

नमस्कार, श्रोतेहो.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी बैठकीत दत्ताची एक मोठी तसबीर होती. तिच्यामागच्या खिळ्याला लोखंडी कपाटाची चावी टांगलेली असे आणि कपाटाच्या वरच्या खणात बाबांची बारा बोअरची दुनळी बंदूक. ही चावी कुठे असते ते कोणालाही माहीत नाही, असं बाबांचं ठाम मत होतं. आम्ही तीन भावंडं, दोघं चुलतभाऊ, भांडीवाल्या बाई आणि उन्हाळ्यात राहायला येणारी आत्याची पोरं, एवढे सोडले तर खरोखरच कोणालाही माहीत नव्हतं.

ती बंदूक आमच्याकडे कशी आली, ते थोडक्यात सांगते. काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा. रात्री रानडुकरं शिरायची, त्यांना हुसकायला हवेत एखादा बार काढायचा, म्हणून आजोबांनी लायसन्स काढलं. पुढे बाबा नागपुरात राहायला आले, तेव्हा लायसन्सच्या नोंदी बदलून बंदूकही शहरात आली. शहरात काही रानडुकरं नव्हती. मग घरात तिचं कारण बदललं. "चोराचिलटाचं काही सांगता येत नाही," बाबा म्हणायचे.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, सकाळची वेळ. आई आणि काकू गच्चीवर कुरोड्या घालत होत्या. मी बैठकीत काहीतरी वाचत पडले होते. माझा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा, स्टुलावर चढला, तसबीर एका हाताने तिरपी केली आणि चावी काढली. त्याचे हात असे सवयीने चालले होते की त्याची ही पहिली वेळ नाही, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. बंदूक त्याच्या उंचीला पेलेना. भिंतीवरच्या पालीवर नेम धरून झाला. मी म्हटलं, "ठेव ते आत." तो म्हणाला, "रिकामीच आहे ना ते, बाबाच तं म्हणतात. काहून घाबरून राहिली?"

आमची बंदूक जुन्या घडणीची होती, बाहेर दोन घोडे असलेली. घोडा मागे ओढायला चांगला जोर लागतो. त्याच्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता. म्हणून त्याने दस्ता फरशीवर टेकवला, दोन्ही नळ्या छातीशी धरल्या आणि वाकून दोन्ही अंगठ्यांनी घोडा ओढायला लागला. नळ्यांची तोंडं त्याच्या हनुवटीखाली होती. तेवढ्यात काका आत आले. ते ओरडले नाहीत. नुसते जवळ गेले, एका हाताने नळ्या बाजूला वळवल्या, दुसऱ्या हाताने बंदूक काढून घेतली आणि कळ सरकवून ती मोडली, म्हणजे नळ्या खाली झुकवून मधून उघडली. उजवी नळी मोकळी होती. डाव्या नळीतून पितळी बुडाचं लाल काडतूस अर्धा बोट वर आलं.

बाबा दोन दिवसांपूर्वी बगीच्यातून रात्री उशिरा परतले होते. एक बार काढलेला, दुसरा राहिलेला, अंगात थकवा. एवढंच घडलं होतं.

त्या दिवसापासून बंदुकीचे तीन भाग झाले. दुनळीचं हे एक बरं असतं. पुढची लाकडी मूठ काढली की नळ्या आणि दस्ता वेगळे होतात. नळ्या कपाटात, दस्ता आजीच्या ट्रंकेत आणि काडतुसं पत्र्याच्या डब्यात, वेगळ्या कुलपात. दोन्ही चाव्या बाबांच्या जानव्याला. बाबा स्वतःच चेष्टा करायचे, "चोर आला तर त्याले म्हणू, बस रे बाबा, चहा घे, मी बंदूक जोडून आणतो."

यात हसू आहे, पण प्रश्न खराच आहे आणि तो झटकून टाकू नये. स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्र ठेवायचं, तर ते हाताशी हवं. घरात माणसं आहेत, तर ते कोणाच्याच हाताशी नको. या दोन्ही गोष्टी पूर्णपणे एकाच वेळी साधत नाहीत. कुठल्या बाजूला किती झुकायचं, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. माझं मत मी लपवत नाही. घरात रोज वावरणाऱ्या माणसांचा विचार आधी करायचा. चोर आला तर एखाद्या रात्री येईल, नातवंडं दर रविवारी येतात.

बाबांचंही मन डळमळलं होतंच. काही वर्षांनी आमच्या गल्लीत कोपऱ्यावर घरफोडी झाली. त्या आठवड्यात बंदूक पुन्हा जोडली गेली आणि भरून पलंगाखाली आली. आई रोज भांडायची. बाबा म्हणायचे, "चार दिवस राहू दे."

त्या चार दिवसांतच एका रात्री मागच्या अंगणात धप्प आवाज झाला. भिंतीवरून कोणीतरी उडी मारली होती. बाबा उठले, चष्मा सापडेना, बंदूक मात्र सापडली. खिडकीच्या गजांतून नळ्या बाहेर. अंगणात पेरूच्या झाडाखाली एक आकृती, पाठीवर काहीतरी ओझं. बाबांनी घोडा चढवला, तो आवाज मी शेजारच्या खोलीत अंथरुणात ऐकला. आणि आईचा दबका आवाज, "अहो, थांबा तं. मोत्या भुंकला नाही. घरचंच आहे कोणी."

तो माझा मोठा भाऊ होता. पुण्याला शिकायचा, परीक्षा लवकर संपली, गाडी पाच तास उशिरा आली, रात्री तीनला सगळ्यांना कशाला उठवायचं म्हणून भिंतीवरून आला. पाठीवर वळकटी होती. मोत्या त्याचे पाय चाटत होता.

चढलेला घोडा अंगठ्याने धरून हळूच उतरवावा लागतो. हात थरथरत असले तर तो सुटतो. बाबांनी ते केलं नाही. त्यांनी नळ्या जमिनीकडे वळवल्या, बंदूक मोडली, काडतुसं काढली आणि खाली बसले. सकाळपर्यंत कोणी फार बोललं नाही. दादाला आम्ही हे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. रात्री घर फोडून कोणी आत शिरलं, तर काही परिस्थितींत हा हक्क अगदी टोकापर्यंत जातो. पण कलम ३७ मर्यादा घालतं. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. घरफोडी करणाऱ्याविरुद्धचा हक्कही तो घरात आहे तोवर. कुंपण ओलांडून पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घातली, तर पुढची वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात जातील, आणि तिथे 'मला वाटलं' एवढं पुरत नाही. अंगणातल्या अंधारात मात्र 'मला वाटलं' याच्यापलीकडे काहीच नसतं. म्हणून आधी आतून कडी, दिवे लावायचे, मोठ्याने आवाज द्यायचा, ११२ फिरवायचा. दिवा लागला आणि माणसं जागी झाली की चोराचं अर्धं अवसान तिथेच गळतं.

आता ज्यांच्याकडे लायसन्स आहे आणि शस्त्र घरीच ठेवायचं आहे, त्यांच्याशी बोलते. नागपूर शहरात लायसन्स पोलीस आयुक्तांकडून मिळतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून प्रशिक्षणाची अट आली आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात आणि लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. लायसन्स एका माणसाच्या नावाचं असतं, घराच्या नावाचं नाही. तुमच्या कर्त्या मुलालाही कपाटाची चावी देण्याआधी हे ध्यानात असू द्या.

गादीखाली, उशीखाली, फ्रिजवर, देवघराच्या खणात, धान्याच्या कोठीत ठेवू नका. पोरं आणि चोर दोघंही आधी तिथेच बघतात. शिवाय घर फोडलं जातं ते बहुतेक वेळा आपण गावाला गेलो असताना. मग ज्या चोरासाठी शस्त्र घेतलं, तोच ते घेऊन जातो. तसं झालं तर लगेच ठाण्यात कळवावं लागतं. भिंतीत किंवा फरशीत बोल्टने घट्ट बसवलेली छोटी तिजोरी घ्या. उचलून नेता येणारी पेटी काही कामाची नाही. आकड्यांचं कुलूप असेल तर लग्नाची तारीख आणि नातवाचा वाढदिवस सोडून दुसरा काहीतरी आकडा लावा. गोळ्या वेगळ्या कुलपात.

पिस्तूलवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते. मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून आत बघायचं आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपायचं. ज्या रिव्हॉल्व्हरचं चक्र बाजूला निघतं, त्याचं चक्र बाहेर काढलं की सगळी घरं दिसतात. ते उघडं ठेवून त्याच्या वरच्या चौकटीतून तारेचं कुलूप ओवलं की चक्र मिटतच नाही. दुनळी मोडून दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघायचं, दोन स्वच्छ गोल दिसले पाहिजेत. हे करताना नळीचं तोंड कुठे आहे आणि बोट चापापासून दूर आहे ना, इकडे लक्ष.

आपल्या नागपूरची म्हणून एक अडचण आहे, ती कूलरची. मे महिन्यात बाहेर रखरखाट आणि घरात वाळ्याच्या ताटीतून येणारा दमट वारा. कूलरच्या समोरच्या भिंतीत कपाट असेल तर नळीवर गंजाचे ठिपके येतात. पावसाळ्यात तर येतातच. चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. पुसायला कापडाला थोडंसं तेल पुरे. काडतुसं तापलेल्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका.

आणि दसरा. आमच्याकडे त्या दिवशी बंदूक पाटावर यायची. हळदीकुंकू, झेंडूची फुलं, समोर नारळ. संध्याकाळी सोनं द्यायला माणसांची रीघ आणि प्रत्येकाला ती हातात घेऊन बघायची असे. आई ओलं कुंकू लावायची, बाबा दुसऱ्या दिवशी तो डाग तासभर पुसत बसायचे. पुढे बाबांनी पद्धत बदलली. बंदूक मोडलेलीच पाटावर, काडतुसांचा डबा कुलपात, आणि पूजा आटोपली की पाहुणे यायच्या आत ती कपाटात. कोणी फार आग्रह केला की म्हणायचे, "अजब बंगल्याच्या म्युझियममध्ये शस्त्रांचं दालन आहे, तिथे जा, काचेमागे बम्म बंदुका आहेत." लग्नाच्या वरातीत बार काढायची हौसही तशीच. तशा बेफिकिरीला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

शेवटची गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे. आई गेली तेव्हा बाबा बहात्तर वर्षांचे होते. ते जेवायला बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. रात्री घरभर फिरायचे. एक दिवस मी जानव्याकडे बघितलं आणि त्या दोन चाव्यांचा विचार मनात आला. बाबांबद्दल असा विचार यावा याची मला लाज वाटली, तरी मी तो सोडला नाही. अमेरिकेत पुष्कळ घरांत बंदुका आहेत आणि तिथे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःचा जीव घेतलेले असतात. दुःखाची ती वेळ टळून जाते, पण हाताशी शस्त्र असेल तर टळायला अवधी मिळत नाही. घरात कोणी असं खचलेलं असेल, खूप पीत असेल, विसरायला लागलं असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर असू द्या. ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे ते जमा करता येतं. आणि स्वतःलाच तसं वाटत असेल तर १४४१६ या नंबरवर फोन करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मी बाबांना सरळच म्हटलं, "बाबा, बंदूक जमा करू या का काही दिवस?" मला वाटलं रागावतील. त्यांनी जानव्यातून चाव्या सोडवल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, "मीच म्हणणार होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः नळ्यांना तेल लावलं, दोन्ही उजेडाकडे धरून बघितल्या, आणि आम्ही दोघं रिक्षाने ठाण्यात गेलो. लायसन्स त्यांच्या खिशात, बंदूक तीन तुकड्यांत, जुन्या सतरंजीत गुंडाळलेली. हवालदारांनी नंबर ताडून बघितला, काडतुसं मोजली, पावती लिहिली. बाबांनी ती दोनदा वाचली. लायसन्सधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की वारसाच्या नावाने अर्ज करता येतो, असं हवालदारांनी आम्हाला सांगितलं. धाकट्या भावाला मी फोन करून विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नको."

बाबा गेल्यावर त्यांच्या पाकिटात ती पावती सापडली, चार घड्या घातलेली. कपाट माझ्याकडे आलं, तसबीरही आली. कपाटात आता आईची लुगडी आहेत. चावी मी परत तसबिरीमागे टांगते.