पानांच्या उंचीवरून मलबार हिल

(दृश्य: वळत जाणारी लाकडी वाट, दोन्ही बाजूंना पानं)

आंब्याचा शेंडा इथे हाताच्या अंतरावर आहे. एरवी झाड आपल्याला भेटतं ते बुंध्यापाशी, मान वर करून. मलबार हिलच्या उतारावर मात्र माणूस पानांच्या बरोबरीने चालतो. कमला नेहरू उद्यानाच्या मागून निघणारी ही उन्नत वाट ४८५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद. सिंगापूरमधल्या अशाच वाटेच्या धर्तीवर मुंबई महापालिकेने बांधली आणि २०२५च्या गुढीपाडव्याला खुली केली.

(दृश्य: वाटेखालचे खांब, पालापाचोळा)

कॅमेरा मुद्दाम खाली नेला आहे, कारण वर चालणारे खाली फारसं बघत नाहीत. जमिनीला टेकलेत ते फक्त खांब. मधली माती मोकळी आहे. पावसाचं पाणी पाचोळ्यातून मुरतं, मुळं हवी तिकडे पसरतात. हीच वाट सिमेंट ओतून जमिनीवर केली असती, तर आधी उतार कापावा लागला असता, मग तो धरून ठेवायला भिंत. भिंतीमागे पाणी तुंबलं की पुढचं काय ते या टेकडीला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसात हिचा एक भाग ढासळला आणि बी. जी. खेर मार्ग बंद करावा लागला.

(दृश्य: हँगिंग गार्डनची हिरवळ, मग पुन्हा झाडांचे शेंडे)

माथ्यावरचं हँगिंग गार्डन उभं आहे ते पाण्यावर. या हिरवळीखाली ब्रिटिश काळातला जलाशय आहे, १४ कोटी ७० लाख लिटरचा. गिरगाव, फोर्ट, कुलाब्याच्या नळांना पाणी येतं ते इथून. तो पाडून नवा बांधायचा बेत झाला, आणि २०२३ मध्ये ३८९ झाडांची यादी निघाली. काही तोडायची, काही दुसरीकडे नेऊन लावायची. जुनं झाड हलवल्यावर जगतं, असं सहसा हलवणाराच सांगतो. रहिवासी उठले. हरकती गेल्या, सभा झाल्या, तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, एका समितीचं दुसरीशी जमेना. शेवटी फेरबांधणी मागे पडली आणि दुरुस्तीचा रस्ता धरला गेला. आज या वाटेवरून दिसणारी हिरवाई आपोआप राहिलेली नाही. तिच्यामागे फाइली आहेत, आणि त्या फाइलींमागे लागलेली माणसं आहेत.

(दृश्य: काचेचा सज्जा, गिरगाव चौपाटी, समुद्र)

गर्दी इथे. पायाखाली काच, समोर चौपाटीची कमान.

(दृश्य: सावंतवाडीकडचं एक कुटुंब)

नातू ओरडतो, “गे आजी, खाली बगू नको!” आजी काचेच्या मधोमध उभी. “लहानपणी मी आंब्यार चढलंय, माका कसला भ्या?”

बाकी सगळे फोटोत.

(दृश्य: गुलमोहराची फांदी, घार)

झाडं सगळीच काही इथली नाहीत. गुलमोहर मादागास्करचा, फुलला की कॅमेऱ्याला तोच हवा असतो आणि आम्हीही तो टाळू शकलो नाही. पण तांबट पक्ष्याला घरट्यासाठी पोखरायला वाळकी फांदी लागते, हळद्या पक्ष्याला दाट पान. म्हणून सुकलेल्या फांदीचं हे दृश्य आम्ही लांबच ठेवलं आहे. उद्यानवाले ‘साफसफाई’ म्हणून पहिल्यांदा तीच छाटतात.

पावसात फळ्या निसरड्या होतात आणि देखभालीचा खर्च दरवर्षीचा आहे.

(दृश्य: प्रवेशद्वार, पहाटेचा उजेड)

वेळ पहाटे ५ ते रात्री ९. तिकीट २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १००. नोंदणी ऑनलाइन आणि तासाला २०० जणांनाच प्रवेश, त्यामुळे रविवारी आयत्या वेळी पोचून उपयोग नाही. जमलं तर पहिल्या तासाची वेळ घ्या. पाखरं तेव्हा बोलत असतात आणि सज्जावर रांग नसते.