नागपूरच्या खोलीतून सिम्फनी वाद्यवृंदाकडे

[दृश्य: धंतोलीतील एका घराची गच्चीलगतची खोली. पहाटेचे सहा. एक मुलगी व्हायोलिनच्या तारा जुळवते आहे.]

नागपुरात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की बहुतेकांना गणेशोत्सवातला मांडव, दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि जुनी हिंदी-मराठी गाणी आठवतात. त्या मंचाची शिस्त वेगळी आणि तीही कष्टाचीच आहे. परंतु या खोलीतल्या मुलीच्या मनात आहे तो सिम्फनी वाद्यवृंद, जिथे साठ, सत्तर, कधी नव्वद वादक समोरच्या स्वरलिपीबरहुकूम आणि एका संचालकाच्या इशाऱ्यावर वाजवतात आणि कोणाही एकाचा सूर वेगळा ऐकू येऊ देत नाहीत. तिच्या शहरात असा वाद्यवृंद नाही. त्यात वाजवण्याची तयारी मात्र या शहरात करता येते, आणि ती नेमकी कशी करायची हे फार थोड्यांना सांगितले जाते.

[दृश्य: नागपूर रेल्वे स्थानक. संध्याकाळ. विदर्भ एक्स्प्रेस.]

आधी वस्तुस्थिती पाहू. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेत 2006 साली खुशरू संतूक आणि कझाखस्तानात जन्मलेले व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, आणि भारतातला व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते. त्याच्या मैफलींत कितीतरी वादक परदेशातून, विशेषतः कझाखस्तानातून आलेले असतात. याचे कारण आपल्या मुलांच्या बोटांत शोधू नये. लहानपणापासून सलग आणि रोजच्या देखरेखीखाली मिळणारे शिक्षण आपल्याकडे नव्हते, आणि हीच उणीव ओळखून त्या संस्थेने पुढे स्वतःची अकादमी सुरू केली. म्हणून बारावीनंतर ‘आता याचेच करिअर करू’ असे ठरवणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या आईवडिलांनी हे आधीच समजून घ्यावे, की पगारी खुर्च्या मोजक्या आहेत आणि बहुतेक वादकांचा चरितार्थ शिकवण्या, शाळांतील नोकरी आणि मुंबईतील ध्वनिमुद्रणे यांच्या बेरजेतून चालतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी लष्करी बँड हाही सन्मानाचा मार्ग आहे. त्याचे प्रशिक्षण पचमढीला होते, आणि कामठीच्या छावणीमुळे नागपूरकरांना फौजी बँड काही अनोळखी नाही. परदेशाचा विचार असेल, तर जर्मनीतील बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. तेथील प्रवेश मात्र वाद्यावरच्या प्रत्यक्ष परीक्षेवर ठरतो. गुणपत्रिका कितीही चांगली असली तरी ती परीक्षा टळत नाही.

[दृश्य: रिकामे सभागृह. मंचावर पडदा, त्यापुढे एक खुर्ची आणि स्वरलिपीचा स्टँड.]

वाद्यवृंदाची ऑडिशन ही आपल्या कल्पनेतल्या मैफलीपेक्षा फार वेगळी असते. अमेरिकेतील वाद्यवृंदांत 1970 आणि 1980 च्या दशकांत पडद्याआडून ऐकण्याची पद्धत रूढ झाली; वादक स्त्री आहे की पुरुष, कोणाचा शिष्य आहे, हे परीक्षकांना कळू नये म्हणून वाटेवर गालिचाही अंथरला जातो, कारण बुटांचा आवाजही ओळख सांगतो. कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेचा, एखादा भाग झाला की मागितले जातात ते ‘एक्सर्प्ट’, म्हणजे सिम्फनींमधील निवडक ओळी. व्हायोलिनवादकाला रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन जुआन’चे पहिले पान द्यावे लागते, व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) आणि चेलो (त्याहूनही मोठे, बसून वाजवायचे वाद्य) वाजवणाऱ्यांना बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात विचारली जाते.

ही दुसरी ओळ कागदावर सोपी दिसते. तीत उड्या नाहीत, वेग नाही. आहे ती एक शांत चाल, जी व्हायोला आणि चेलो मिळून वाजवतात आणि जिच्याखाली डबल बेस बोटांनी तारा छेडत असतात. पण तिच्यात दीर्घ स्वरामागून येणारा एक अगदी ऱ्हस्व स्वर आहे, आणि तो किंचित आधी आला तरी सारी चाल लंगडते. परीक्षक तेवढेच ऐकत असतात. या उमेदवाराच्या शेजारी बसून आपल्याला वर्षानुवर्षे वाजवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्या ऱ्हस्व स्वरात मिळते.

म्हणून अशा ओळींचा रियाझ ध्वनिमुद्रण आणि संपूर्ण स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र दाखवणारी स्वरलिपी, समोर ठेवून सुरू करावा. जुन्या रचनांचे स्कोअर आता इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. आपण थांबलेले असतो तेव्हा कोण वाजवते, आपला स्वर कोणाच्या स्वरावर टेकलेला आहे, हे आधी कानाला कळले पाहिजे. त्यानंतर निम्म्या लयीत मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, लावावा, आणि काही दिवसांनी त्याचा ठोका मात्रेवर न धरता दोन मात्रांच्या मधोमध धरून वाजवावे. लय आपली आहे की यंत्राची, हे तेव्हा उघडे पडते. रोज एकदा फोनवर मुद्रण करावे आणि ते दुसऱ्या दिवशी ऐकावे, कारण वाजवल्या वाजवल्या ऐकताना आपण स्वतःला फार लवकर माफ करतो.

[दृश्य: जमिनीवर मांडी घालून व्हायोलिन वाजवणारा विद्यार्थी. मग तोच, खुर्चीवर, स्टँडसमोर.]

नागपुरात व्हायोलिन शिकणारी कितीतरी मुले हिंदुस्थानी पद्धतीने शिकतात. गायकाच्या षड्जाला तारा जुळवायच्या, मींड घ्यायची, ऐकलेले लक्षात ठेवायचे, ही सवय कानाला जी श्रीमंती देते तिचे मोल पाश्चात्त्य शिक्षकही जाणतात. अडचण येते ती वाचनात. वाद्यवृंदात आज हाती पडलेले पान आजच वाजवावे लागते, आणि पाठांतरावर वाढलेले मूल तिथे गोंधळते. यावर उपाय कंटाळवाणा, पण हमखास आहे: रोज पंधरा मिनिटे, कधीही न पाहिलेले पान, आपल्या पातळीपेक्षा सोपे, आणि एकच नियम, की चुकले तरी थांबायचे नाही. शेजारचे साठ जण आपल्यासाठी थांबणार नसतात.

[दृश्य: मे महिना. खिडकीतला कूलर. टेबलावर उघडी व्हायोलिनची पेटी.]

आणखी एक गोष्ट युरोपात छापलेल्या पुस्तकांत सापडणार नाही. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या वर जातो, लाकूड आक्रसते, खुंट्या सुटतात, सांध्यांचा सरस उघडतो आणि गजाचे केस ताणले जातात. मग कूलर लागतो आणि त्याच खोलीत ओलसर हवेचा झोत सुरू होतो. पावसाळ्यात याच खुंट्या फुगून घट्ट बसतात. वाद्य कूलरसमोर ठेवू नये, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर क्षणभरही नाही. वाजवून झाले की गज सैल करावा, आणि पेटीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा 40 ते 60 टक्क्यांमध्ये राखण्याचा प्रयत्न करावा.

[दृश्य: सदरमधील एक दिवाणखाना. चार खुर्च्या, चार स्टँड.]

ज्यांचे हात पुरेसे लांब आहेत अशा व्हायोलिनवादकांनी व्हायोलाचा विचार मनापासून करावा. मोठ्या वाद्यवृंदात सुमारे तीस व्हायोलिन आणि दहा-बारा व्हायोला असतात. पण आपल्याकडे व्हायोला नीट वाजवणारे त्या प्रमाणातही नाहीत, आणि दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चौकडी जमवू पाहणारा प्रत्येक गट त्यांच्याच शोधात असतो. नवी स्वरचिन्हे वाचायला शिकावी लागतात, गजाला जास्त वजन द्यावे लागते, पण आधीची मेहनत वाया जात नाही.

शहरात वाद्यवृंद नसला तरी चार माणसे जमतात. धंतोलीतली ती मुलगी आता दर रविवारी इथे येते. चौकडीत तिच्याकडे दुसऱ्या व्हायोलिनची ओळ आहे, म्हणजे बहुतेक वेळ चाल दुसऱ्याची आणि खालची लय हिची. आज चेलोवादकाने तिला तीन वेळा थांबवून सांगितले, की तू बरोबर वाजवते आहेस, पण आमचे ऐकत नाहीस. तिने पेन्सिल उचलली, त्या मात्रेवर चेलोची ओळ बारीक अक्षरांत लिहून घेतली, आणि चौघांनी पुन्हा सुरुवात केली.