ऑर्कुट गेलं, दाखल रजिस्टर राहिलं

(ग्रंथपाल दिनानिमित्त कोल्हापुरात सार्वजनिक ग्रंथालयांच्या सेवकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, आज १२ ऑगस्ट. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती, म्हणून आपला ग्रंथपाल दिन. मला विषय दिलाय 'ग्रंथपाल आणि नवी ऑनलाइन साधनं'. या विषयावर बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा 'जग बदललंय, तुम्हीही बदला' म्हणून सुरुवात करतो. ते तुम्ही शंभरदा ऐकलंय, त्यामुळे मी ते सोडून देते. शिवाय कोल्हापूरला नवेपणाची धास्ती कधी नव्हती. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा या संस्थानानं १९४५ साली केला. मद्रासचा आला १९४८ ला आणि महाराष्ट्राचा थेट १९६७ ला. तेव्हा पुण्या-मुंबईकडे बघून शिकायची गरज आपल्याला नाही. (हशा)

मी ऑर्कुट या फेसबुकसारख्या जुन्या साइटपासून हाताला लागेल ते वापरून पाहिलंय. ऑर्कुटवर वाचकांच्या काय रंगलेल्या चर्चा असायच्या! २०१४ साली ते बंद झालं. त्याआधी २०१३ ला गुगल रीडर गेलं, २०१९ ला गुगल प्लस. टिकटॉकवर आपल्या पोरांनी धुमाकूळ घातला होता, जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली. मला यातल्या कशाचंही सुतक नाही. पुस्तकाची ओळख चार ओळींत करून द्यायची सवय मला त्यातूनच लागली. मात्र तिथं टाकलेलं प्रत्येक टिपण आधी आमच्या वहीत असायचं, म्हणून दुकान बंद झालं तरी माल घरात राहिला. आज मला सांगायचं आहे ते एवढंच: हवं ते साधन बिनधास्त वापरून बघा, पण मूळ नोंद आपल्या ताब्यात ठेवा.

ताब्यात म्हणजे कशी, हे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपली खरी अडचण इथं आहे. अनेक ग्रंथालयांत दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, संगणकावर चढवलंय, पण जुन्या फॉन्टमध्ये. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. तो भुगा कोणत्याही सॉफ्टवेअरला कळत नाही. यादी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, हवी. आणि युनिकोडमध्ये केली म्हणजे सुटलो, असंही नाही. 'ॲड.' हे लिहिताना एक जण 'ॲ' हे एकच अक्षर उमटवतो, दुसरा आधी 'अ' टाकून त्यावर चंद्र देतो. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. मग सभासद 'ॲडव्होकेट' शोधतो, पुस्तक कपाटात असतं आणि यंत्र सांगतं, नाही. 'वाऱ्यावर'मधल्या 'ऱ्य'चीही तीच गत, तोही दोन-तीन प्रकारे टंकता येतो. उपाय साधा आहे: ग्रंथालयात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा आणि जुन्या नोंदी शोधा-बदला करून एकसारख्या करायच्या. काम कंटाळवाणं आहे. पण रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' हेच आहे, आणि ते मला फेसबुक पेजपेक्षा इथं जास्त पाळलेलं दिसतं.

सॉफ्टवेअरबद्दल फार बोलत नाही. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या गरजेतून जन्माला आलंय. आपल्याकडचं एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचं, ई-ग्रंथालय आहे. 'ड' वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान ग्रंथालयाला नीट भरलेली एक्सेल फाइलसुद्धा पुरते, पुढे हवी तिथं नेता येते.

आता व्हॉट्सॲप. ग्रुप काढला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आपल्या अभ्यासिकेत मुली येतात, त्यांचा नंबर अनोळखी माणसाच्या हाती का द्यायचा? शिवाय पहाटेपासून गुड मॉर्निंगचा पाऊस, त्यात नव्या पुस्तकांची यादी वाहून जाते. मला ब्रॉडकास्ट यादी बरी वाटते. एका यादीत २५६ जण बसतात, आणि उत्तर आलं तर फक्त तुम्हालाच दिसतं. पण मेख अशी, की ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. म्हणून सभासदाकडून अनामत घेताना तिथंच, टेबलापाशीच सांगायचं, "काका, ग्रंथालयाचा नंबर सेव्ह करा, दिवाळी अंक आले की कळवते." दिवाळी अंकाचं नाव काढलं की काका लगेच चष्मा काढतात! मुदत उलटलेल्यांची यादी मात्र कुठंही जाहीर टाकू नका. कोण काय वाचतंय, हे आपल्या नि वाचकाच्या मधलं आहे.

पीडीएफचं प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे. "ताई, पुस्तकाचा फोटो काढून पाठवा की." आपल्या कॉपीराइट कायद्यात पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांची पुस्तकं स्कॅन करून वाटता येणार नाहीत. ह. ना. आपटे आणि राम गणेश गडकरी दोघंही १९१९ ला गेले, तिथं मुभा आहे. अशी मुक्त झालेली पुष्कळ मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आणि मराठी विकिस्रोतावर मिळतात. ती लिंक द्या, नुसतं 'नाही' म्हणू नका.

अलीकडे एक नवंच सुरू झालंय. पोरं चॅटबॉटकडून पुस्तकांची यादी घेऊन येतात. लेखक खरा, पुस्तकाचं नाव झकास, पण असं पुस्तक निघालेलंच नसतं. काही जणांना याचा राग येतो. मला तर हे आपल्याकडे आलेलं गिऱ्हाईक वाटतं. यादी घ्यायची, तालिकेत, म्हणजे ग्रंथसूचीत, ताडून बघायची, खरी पुस्तकं कोणती ते सांगायचं आणि त्याच विषयावरची आपल्याकडची दोन हातात द्यायची. त्याच हिशेबानं विकिपीडियाकडे बघा. 'एक ग्रंथपाल, एक संदर्भ' अशी त्यांची मोहीम २०१६ पासून चालते. मराठी विकिपीडियावर आपल्या भागातल्या विषयांचे लेख संदर्भाविना पडलेत. पुस्तक आपल्या कपाटात, पान आपल्याला माहीत, मग तळटीप द्यायला कोण येणार?

चहानंतर ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढच्या दोन रांगांत बसा. प्रत्येकानं आपल्या यादीतल्या पन्नास नोंदी उघडायच्या. आधी 'ॲ' शोधू, मग 'ऱ'. ज्यांच्याकडे अजून वहीच आहे, त्यांनी ती घेऊन माझ्याशेजारी या.