शुभेच्छा : आठ खाने

(अंधार. फक्त आवाज. मग हिरवा पडदा उजळतो.)

तीन आखूड, दोन लांब, पुन्हा तीन आखूड. मोर्सच्या भाषेत, म्हणजे तारेच्या आखूड-लांब खुणांत, हा एस, हा एम आणि हा एस. एसएमएस, फोनवरचा छोटा लेखी संदेश. नोकियाच्या हँडसेटमध्ये 'स्पेशल' या नावाने हा टोन होता. संदेश आला की फोन स्वतःच अक्षरं वाजवून ते सांगायचा.

हा नोकिया ३३१०. तो २००० साली आला. पडद्यावर आडवे ८४ ठिपके, उभे ४८. तुम्हाला दिसतंय ते पाकीट, म्हणजे संदेशाची खूण, पलीकडची बॅटरीची पट्टी, मधली अक्षरं, सगळं तेवढ्याच ठिपक्यांत.

(क्लोज-अप : अंगठा आणि बटणं.)

आता अंगठ्याकडे बघा. 'नमस्कार' लिहायचंय, रोमन अक्षरांत. एकेका बटणावर तीन-चार अक्षरं, हवं ते येईपर्यंत दाबायचं. एनसाठी ६ दोनदा. एसाठी २ एकदा. एमसाठी ६ एकदा. पुन्हा २. एसला ७ चारदा, केला ५ दोनदा, परत २, आणि शेवटच्या आरसाठी ७ तीनदा. आठ अक्षरांसाठी पंधरा वेळा बटण दाबलं.

आणि 'आबा' लिहायचं असेल तर? ए, ए, बी, ए. चारही अक्षरं २ च्याच बटणावर. म्हणजे एक अक्षर उमटवायचं, थांबायचं, कर्सर परत दिसू द्यायचा, मगच पुढचं. घाई केली की दोन एंचा एक बी होतो. हा थांबण्याचा ताल आमच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या या हाताला आजही न बघता येतो.

अंदाजाने शब्द ओळखणारी टी-नाइन पद्धतही या फोनमध्ये होती. टेजिक कम्युनिकेशन्स या कंपनीने ती तयार केली. एका अक्षराला एकदाच बटण दाबायचं, शब्द कोणता ते फोन आपल्या कोशातून शोधतो. एकाच आकड्यांतून दोन-तीन शब्द होत असतील तर चांदणीचं बटण दाबून पुढचा शब्द घ्यायचा. हे बघा, ६, २, ६, २, ७, ५, २, ७. आठ वेळा. पण समोर प्रश्नचिन्ह. 'नमस्कार' या फोनच्या कोशात नाही. आता तो एकेक अक्षर करून शिकवावा लागेल.

(कागद. चौकटीची वही. लाल पेन्सिल.)

फोन थोडा वेळ बाजूला ठेवू, कारण खरी गोष्ट या कागदावर आहे.

१९८५ साली बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे अभियंते टंकलेखन यंत्रावर वाटेल ती वाक्यं आणि प्रश्न लिहीत बसले. मग अक्षरं मोजली, मधल्या मोकळ्या जागा मोजल्या, विरामचिन्हं मोजली. बहुतेक मजकूर १६० च्या आत संपत होता. फोनचं जाळं आणि हँडसेट यांच्यात कॉल जोडण्यासाठी इशाऱ्यांची एक वाट असते. ती बराच वेळ रिकामी असते, तिथून छोटा मजकूर पाठवायचा, असा विचार होता. पण त्या वाटेवर एका संदेशाला जागा मिळाली फक्त १४० बाइट.

बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच खूण. आठ बिटांचा एक बाइट. १४० बाइट म्हणजे ११२० बिट. ते आम्ही या वहीत आखले आहेत, एका बिटाला एक चौकट. एका ओळीत ४० चौकटी, अशा २८ ओळी. एक संदेश एवढाच. यातली एकही चौकट वाढवता येत नाही.

रोमन अक्षराला ठरवून ७ बिट दिले गेले. ११२० भागिले ७, बरोबर १६०. सात बिटांत १२८ चिन्हं बसतात. त्या तक्त्यात इंग्रजी अक्षरं आहेत, आकडे आहेत, जर्मन आणि स्कँडिनेव्हियन अक्षरं आहेत, काही ग्रीक कॅपिटलही आहेत. देवनागरीचा क नाही.

देवनागरी पाठवायची तर दुसरी पद्धत, प्रत्येक चिन्हाला १६ बिट. ११२० भागिले १६. सत्तर.

(पेन्सिल चौकटी रंगवत जाते. इथे निवेदन थांबू दे.)

रोमनमधला 'नमस्कार', आठ अक्षरं, ५६ चौकटी. आता देवनागरीतला. न, म, स, त्या सचा पाय मोडणारं चिन्ह, क, काना, र. वाचताना चार अक्षरं, मोजताना सात चिन्हं, आणि चौकटी ११२. तोच शब्द, तोच माणूस, दुप्पट जागा. ज्या हँडसेटमध्ये देवनागरीचा फॉन्ट नव्हता तिथे एवढं करूनही नुसते चौकोन उमटायचे.

(पुन्हा फोन. मेनू.)

मजकूर लांबला तर ३३१० तो तीन तुकड्यांपर्यंत जोडून पाठवायचा. पण तुकडे जुळवायची खूणही त्याच १४० बाइटांत बसवावी लागते. म्हणून प्रत्येक तुकड्यात १५३ अक्षरं, एकूण ४५९. देवनागरीत तुकड्याला ६७. ठिपक्यांची चित्रंही जायची. ७२ बाय २८ ठिपके, एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे २५२ बाइट, एका संदेशात न मावणारं चित्र.

पाकीट लुकलुकायला लागलंय, दिसलं? संदेशांची जागा भरली. आता एखादा जुना संदेश पुसल्याशिवाय नवा येणार नाही. नवा तोवर संदेश केंद्रात थांबून राहतो. किती वेळ थांबायचं तेही पाठवणारा मेनूतून ठरवू शकायचा, एक तासापासून आठवड्यापर्यंत.

पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ चा. नील पॅपवर्थ यांनी तो संगणकावरून पाठवला, व्होडाफोनच्या जाळ्यावर, एका ऑर्बिटेल ९०१ फोनला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'.

पुढे मोबाइल संदेशांच्या मानकात हिंदी, बंगाली, तमिळसाठी सात बिटांचे वेगळे तक्ते आले. तोवर कितीतरी जणांच्या बोटांना मराठी रोमनमध्ये लिहायची सवय लागून गेली होती.

(दुसरा हँडसेट, देवनागरी लिहिता येणारा. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा : ७०.)

श. ६९.

उकार. ६८.

भ. ६७. मात्रा, ६६.

च, ६५. चचा पाय मोडला, ६४.

छ. ६३.

काना. ६२.

(अंगठा थांबतो. मग पाठवा.)