लहान तुकडी, स्थानिक दल आणि दिलेला शब्द

मित्रहो, बंडखोरीविरुद्धच्या लढ्यात मोठी फौज का अडखळते, या प्रश्नापासून सुरुवात करू. मोठा फौजफाटा गावात शिरतो तेव्हा त्याच्या येण्याची वर्दी आधीच पोहोचलेली असते. बंडखोर डोंगरात निघून जातात, झडती होते, फौज संध्याकाळी तळावर परतते, आणि रात्री तेच बंडखोर गावात येऊन सैनिकांशी कोण बोलले याचा जाब विचारतात. त्यामुळे दिवसा कोण येऊन गेले यापेक्षा रात्री गावात कोण असते, यावर गावकऱ्याचे वागणे ठरते. लहान तुकडी गावातच मुक्कामाला ठेवावी आणि तिच्या जोडीला तिथल्याच माणसांचे दल उभे करावे, हा विचार या अडचणीतून पुढे आला.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी मरीन दलाने १९६५ च्या ऑगस्टमध्ये फू बाई परिसरात हा प्रयोग सुरू केला. साधारण १४ मरीन, नौदलाचा एक वैद्यकीय सहायक आणि ‘पॉप्युलर फोर्सेस’ या ग्रामरक्षक दलाचे तीसेक जण एकत्र राहत आणि रात्री एकत्र गस्त घालत. अंधारात माणूस कोणत्या बांधावरून येईल हे ग्रामरक्षकाला ठाऊक असे, आणि तो आल्यावर तोफखान्याची मदत मागण्याचा रेडिओ मरीनजवळ असे. भरात असताना अशा ११४ तुकड्या होत्या. प्रत्येक गावात एक तुकडी ठेवण्याइतके मनुष्यबळ आपल्याकडे नाही, असे व्हिएतनाममधील अमेरिकी फौजेचे सरसेनापती वेस्टमोरलँड यांचे म्हणणे होते आणि १९७१ मध्ये हा कार्यक्रम गुंडाळला गेला. माझ्या मते मनुष्यबळापेक्षा मोठी उणीव दुसरीच होती. ग्रामरक्षकाचा तुटपुंजा पगार आणि त्याचे भवितव्य सायगॉनमधील दक्षिण व्हिएतनामच्या सरकारच्या हाती होते, आणि त्या सरकारने काय करावे हे ठरवण्याची ताकद गावात राहणाऱ्या मरीनकडे नव्हती.

ओमानच्या दोफार प्रांतात हीच गोष्ट वेगळी घडली, म्हणून तिथे थोडे थांबू. जुन्या सुलतानाच्या जाचाविरुद्ध १९६० च्या दशकात तिथे बंड पेटले होते. जुलै १९७० मध्ये त्या सुलतानाचे पुत्र काबूस यांनी वडिलांना पदच्युत केले आणि बंडखोरांना माफी जाहीर केली. शरण आलेल्यांची ‘फिरकत’ नावाची दले उभारण्याचे काम ‘एसएएस’ या ब्रिटिश विशेष दलाच्या लहान पथकांनी हाती घेतले. पहिल्या फिरकतीत अनेक जमातींची माणसे एकत्र घेतली होती आणि ती काही महिन्यांतच फुटली. त्यानंतर दले जमातवार उभारली गेली. या माणसांना सांभाळणे सोपे नव्हते. आपल्या जमातीच्या मुलखाबाहेर ती सहसा लढत नसत, आणि १९७१ च्या ऑक्टोबरमधील मोठ्या मोहिमेत रमजान सुरू होताच अनेकांनी लढणे थांबवले. डोंगरातली आपली गुरे बाजारात नेण्यास मदत करा, असा आग्रहही त्यांनी धरला. तेव्हा लढाऊ विमानांच्या संरक्षणाखाली, वाटेत गोळीबार होत असताना, सैनिकांनी ती जनावरे डोंगर उतरवून किनाऱ्याकडे आणली. एखाद्या कडक शिस्तीच्या अधिकाऱ्याला यात सैन्याची अप्रतिष्ठा वाटली असती. मला मात्र त्या मोहिमेतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण राज्य आपल्या पोटापाण्याची दखल घेते हे डोंगरातल्या माणसाने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

पुढे या कामाची एक पद्धत बसली. फिरकत आणि सैन्य मिळून एखादी जागा ताब्यात घेत, तिथवर रस्ता काढला जाई, विहीर खोदणारे यंत्र येई, आणि पाठोपाठ दवाखाना, शाळा, दुकान व मशीद उभी राही. पाण्यावर गुरे आली की माणसे येत, आणि माणसे आली की खबरही येई. हे सगळे लहान पथकांच्याच बळावर झाले, असे मात्र कोणी समजू नये. बंडखोरांची रसद तोडणारी काटेरी तारांची आणि सुरुंगांची ‘हॉर्नबीम’ रेषा नियमित सैन्याने उभारली, आणि इराणच्या शहाने पाठवलेल्या फौजेचाही त्या युद्धात मोठा वाटा होता.

अफगाणिस्तानात २०१० मध्ये ‘अफगाण लोकल पोलीस’ उभे राहिले, तेव्हा गावांत राहणाऱ्या विशेष दलांच्या पथकांवर त्यांची निवड आणि देखरेख सोपवली होती. मात्र संख्या ३०,००० पर्यंत नेण्याची घाई झाली. जिथे गावाची खरी संमती होती तिथे ही दले टिकून लढली; जिथे एखाद्या बाहुबलीची टोळीच गणवेशात घातली गेली तिथे खंडणी आणि मारहाणीच्या तक्रारी झाल्या आणि लोक तालिबानकडे ढकलले गेले. पुढे परदेशी पथके गावे सोडून गेली, देखरेख सैल झाली, आणि बंदूकधारी माणसांना जाब विचारणारे जवळ कोणी उरले नाही.

स्थानिक दल स्वस्त पडते म्हणून उभारावे, हा युक्तिवाद म्हणूनच मला घातक वाटतो. माणूस आपल्याच शेजाऱ्यांविरुद्ध शस्त्र घेतो तेव्हा त्याच्या घरादारावर कायमची जोखीम येते, आणि ती युद्धाबरोबर संपत नाही. त्या जोखमीचा भार राज्य किती वर्षे उचलणार, हे पहिली बंदूक हातात देण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. अफगाण लोकल पोलीस २०२० मध्ये, तालिबान अजून लढत असतानाच, बरखास्त करण्यात आले. दोफारचे युद्ध डिसेंबर १९७५ मध्ये संपल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतरही ओमानने फिरकती मोडल्या नाहीत. त्यांचा पगार पुढे कित्येक दशके चालू राहिला.